लोळ्याचं शेपूट

१ फेब्रुवारी

महिनाभर ही डायरी टेबलावर कोरी पडली होती. कचेरीतून दरवर्षी एक मिळते आणि ताई तिची पानं फाडून कपाटाच्या फळ्यांवर अंथरते. यंदा मी तिच्या तावडीतून सोडवली, कारण आज संपादकांचा फोन आला.

"काका, मे महिन्यात लोळ्याला चाळीस वर्षं होतायत. मोठं प्रदर्शन करू या. लोळ्या कसा जन्मला, कसा बदलत गेला, सगळं भिंतीवर. तुम्हाला आठवेल तसं टिपून ठेवा." मग जरा घुटमळले. "आणि त्यानंतर पुढचंही बघू. तुम्ही तरी किती खपायचं? नवे हात तयार आहेत आपल्याकडे."

नवे हात म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तीन पोरं आणि एक संगणक. दिवसाला सहा कुत्री काढतील, पण त्यातलं एकही उंबऱ्यावर पडून रस्त्याकडे बघणार नाही. माझा हात अजून कापत नाही. रोज सकाळी बसतो, दुपारपर्यंत उद्याच्या अंकासाठी तीन चौकटी पुऱ्या करतो. हात चालतोय तोवर लोळ्या माझा. त्यांच्या हातात एकही निमित्त द्यायचं नाही, एवढं आज ठरवून टाकलं.

डायरीचा कागद मात्र यंदा चिंचोळा काढलाय. पूर्वी कशी ऐसपैस पानं असायची. ताई मागून डोकावली. "अर्धं पान कोरं सोडून का लिहितोस? कागद काय झाडाला लागतो?" लागतोच की. पण थोरल्या बहिणीशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

६ फेब्रुवारी

पत्र्याची पेटी उघडली. धुळीने दोघंही शिंकून बेजार.

खरं सांगायचं तर लोळ्या आधी नव्हताच. होतं एक कारकुनाचं कुटुंब: कारकून, बायको, सासू आणि रोजचा एक विनोद. ते विनोद आज वाचले तर मला माझीच कीव येते. एकदा पहिल्या चौकटीचा डावा कोपरा ओकाबोका वाटला, म्हणून उंबऱ्यावर एक कुत्रं टाकलं. फासळ्या दिसणारं, तोंड पडलेलं. लहानपणी आमच्या दारात असंच एक पडून असायचं. चित्र ताईला दाखवलं. तिला दाखवल्याशिवाय माझं चित्र पुरं होत नाही, ही पाटी-पेन्सिलीपासूनची खोड. ती म्हणाली, "छान आहे. पण शेपूट राहिलं रे."

खरंच राहिलं होतं. घाईघाईत ओढलं, ते जरा जास्तच वर गेलं. तोंड पडलेलं आणि शेपूट ताठ. झालं, त्या क्षणी लोळ्या जन्मला.

दोन वर्षांत मी सासूला नारळ दिला, मग बायकोला, शेवटी कारकुनालाही. उरला उंबरा आणि लोळ्या. वाचकांनी स्वतःच्या ताटातलं काढून भरवावं तसा तो बाळसं धरत गेला. फासळ्या गेल्या, कान लोंबले, नाक वांग्याएवढं झालं. मध्ये एका संपादकांच्या हट्टापायी वर्षभर त्याला दोन पायांवर चालवला, टोपीसुद्धा घातली. ताई म्हणाली, "हा लोळ्या नाही, हा तुझा संपादक आहे." मुकाट्याने पुन्हा आडवा केला.

दोन गोष्टी कधी बदलल्या नाहीत. एक, लोळ्याचं तोंड हसत नाही. आनंद, लाज, भूक, चोरून खाल्ल्याचा पश्चात्ताप, सगळं शेपटात. दुसरी, त्याची बसायची जागा. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, तोंड उजवीकडे, रस्त्याकडे. वाचणाऱ्याला आधी शेपूट भेटतं, मग कुत्रा. तो मनात पुटपुटतो ती सगळी वाक्यं ताईची. ती बोलते, लोळ्या मनात म्हणतो आणि नाव माझं होतं. तिला हे चाळीस वर्षं माहीत आहे. तिने कधी बोभाटा केला नाही.

१४ फेब्रुवारी

न्हाणीघराच्या दारावर पुन्हा खांदा आपटला. ताईने मलम चोळता चोळता विचारलं, "दरवेळी डावाच कसा लागतो?" म्हटलं, दारालाच विचार.

बाजारात जाऊन आलो, तर ताई दारात उभी राहून हसतेय. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. गावभर तसाच हिंडलो म्हणे. चित्राच्या नादात माणसाचं असं होतंच. तरी ती हसता हसता मध्येच थांबली ते मला आवडलं नाही.

वर्तमानपत्र तर हल्ली वाचवत नाही. मथळ्यांची मुंडकी उडवलेली असतात. आज पहिल्याच पानावर "अखेर अटक". अहो, पण कोणाला?

२६ फेब्रुवारी

सकाळी उठलं की डोकं ठणकतं. चहा घेतला की उतरतं. हवा बदलतेय.

५ मार्च

कचेरीत गेलो होतो. रंगवाल्या बाई भेटल्या. गेली कित्येक वर्षं मी काळी रेघ ओढतो आणि त्या संगणकावर रंग भरतात. लोळ्याचा तो नेमका मळका पिवळा त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. आज नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. चष्म्याची साखळी बोटांना गुंडाळत म्हणाल्या, "काका, पाठवण्याआधी चित्र ताईंना दाखवता ना अजून?"

"नाही हो. तिचा मोतीबिंदू पिकतोय, बारीक रेघ दिसत नाही. उगीच कशाला तिच्या डोळ्यांना त्रास? वर्ष झालं बंद केलं."

"वर्ष झालं?" त्यांनी साखळी सोडून दिली. मग, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

बढती हवी असणार. संपादकांकडे शब्द टाका म्हणायचं होतं आणि धीर झाला नाही. टाकीन कधीतरी. बाई गुणी आहेत.

१८ मार्च

जेवताना खटका उडाला. ताई म्हणाली, "भाजी का टाकलीस? तुझ्या आवडीची केली मुद्दाम."

"वाढलीच नाहीस तर टाकू कशी?"

तिने माझं ताट धरून फिरवलं. आणि ताटात भाजी! मी बोलत असताना हळूच वाढली असणार. म्हटलं, ही कसली थट्टा या वयात? तर तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "धाकट्या, डॉक्टरांकडे जाऊ या."

जायला माझी ना नाही. पण आज गेलो की उद्या कचेरीत कळणार, आणि परवा नवे हात लोळ्याच्या मानगुटीवर. प्रदर्शन होऊ दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो, असा शब्द दिला. तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. सत्तरी गाठली तरी बाई अजून शपथा घालते.

२७ मार्च

लोळ्याची एक नवी मालिका सुचली. त्याला सारखं वाटतं की मागून कुणीतरी येतंय. आवाज नाही, वास नाही. पण वळून बघावंसंही वाटत नाही. रोज तो रस्त्याकडे बघतो आणि मनात म्हणतो, "असेल कुणीतरी." कुठून सुचली कोण जाणे. हे वाक्य ताईचं नाही.

रंगवाल्या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी रंग भरणार. पिवळा बिघडवला नाही म्हणजे मिळवली.

२ एप्रिल

आज अजब झालं. सकाळपासून फोन. "लोळ्याचं शेपूट कुठे गेलं?" पहिल्या फोनला मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतोय. चौथ्या फोनला अंक पुढ्यात घेतला. वांग्यासारखं नाक, लोंबता कान, पुढचे पाय. लोळ्याच तो. मला काहीही वावगं दिसेना. शेपूट नसतं तर मला कळलं नसतं? मी त्याचा बाप आहे.

एवढ्यात संपादकांचा फोन. आवाज नुसता फुललेला. "काका, कमाल केलीत! चाळीस वर्षांनी शेपूट काढून टाकलंत! आणि ही मागून येणारी भीती! सगळीकडे हीच चर्चा आहे. कुणालाही पत्ता लागू दिला नाहीत."

मी म्हणालो, "लोळ्या आता मोठा झालाय. त्याला आता शेपटाची गरज नाही."

तोंडातून कसं निघालं देव जाणे. ऐकायला बरं वाटलं आणि पलीकडून "वा!" आलं. पण हे मी केव्हा ठरवलं, ते आठवून आठवून थकलो. ताईला विचारलं, "मी बोललो होतो का गं तुला शेपटाबद्दल?" ती अंक डोळ्यांशी भिडवून खिडकीत उभी होती. म्हणाली, "नाही रे. पण हे शेपूट तू मुद्दाम काढून टाकलंस असं नाही झालेलं. हे राहिलंय." मोतीबिंदू पिकलेल्या माणसाने असं छातीठोक बोलू नये.

९ एप्रिल

लहान मुलांची पत्रं कचेरीतून गठ्ठ्याने येतात. एकीने लिहिलंय, "लोळ्या आता हसत नाही. तो चावेल का? आई म्हणते चावणार नाही, पण तिने त्याचं चित्र माझ्या भिंतीवरून काढलं."

अगं, तो कधीच हसत नव्हता. पण पत्र ठेवल्यावर बराच वेळ मन लागेना. शेपूट नसेल तर ते पडलेलं तोंड कसं दिसत असेल? पडून राहिलेला, कशाचाच थांगपत्ता लागू न देणारा कुत्रा. दारात असा असेल तर मीही वळसा घालून जाईन.

मग आज ठरवून शेपूट काढायला बसलो. काढलं. चांगलं ऐटदार काढलं, असं मला वाटतं. अंकात आलं नाही म्हणे.

१८ एप्रिल

रंगवाल्या बाई परतल्या. कचेरीत मला खुर्चीत बसवून स्वतः उभ्या राहिल्या आणि रडायलाच लागल्या. "काका, माफ करा. शेपूट मी लावत होते."

"म्हणजे?"

"कधी शेपूट नसायचं, कधी मागचा पाय नसायचा. मला वाटलं वय झालं, एखाद्या दिवशी राहत असेल. तुम्हाला कसं सांगायचं? म्हणून तुमच्या जुन्या चित्रातलं उचलून जोडायची. कुणाला कळलं नाही. मी रजेवर गेले आणि..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं मी कुत्रा काढतोय आणि ही बाई त्याला मागून ठिगळं लावतेय! भर कचेरीत आवाज चढवला. म्हटलं, उद्यापासून माझ्या चित्राला हात लावायचा नाही. संपादकांनीही मान डोलावली. त्यांना शेपटाशिवायचाच लोळ्या हवाय. बाई एवढंच म्हणाल्या, "काका, मला कामावरून काढलंत तरी चालेल, पण डोळे नाहीतर डोकं, काहीतरी तपासून घ्या."

घरी येईपर्यंत राग उतरला होता. त्या बाईने आजवर मला एकदाही दुखावलं नाही. माझंही चुकलं, पण त्यांचंच पहिलं चुकलं, असं घोकत बसलो. ताईला हे काही सांगितलं नाही.

३० एप्रिल

आता मात्र हद्द झाली. माझी जागा कापली! तीन चौकटींपैकी दोनच छापतात. संपादकांना जाब विचारला तर म्हणाले, "काका, कापली कुठे? पहिली चौकट तुम्हीच कोरी पाठवता की! आम्ही आदबीने कोरीच छापतो. काय धाडस आहे! आमच्या समीक्षकांनी त्यावर अख्खा स्तंभ लिहिलाय."

स्तंभ वाचला. त्यात असं म्हटलंय की लोळ्या आपल्या जगातून एकेक पाऊल मागे घेत नाहीये, तर मागचं जग त्याला गिळत आलंय. कलावंताने उत्क्रांतीचं चाक उलटं फिरवलंय. असं बरंच काही. शिकलीसवरली माणसं आहेत, त्यांना दिसत असेल.

मी मात्र तिन्ही चौकटी काढतो. रोज काढतो.

८ मे

दाढी करून आलो तर ताईने पुन्हा आत पाठवलं. "अर्धीच झालीय." आरशाचा पारा उडालाय, तो बदलायला हवा. तिने मग स्वतःच केली. मोतीबिंदूवाल्या बाईच्या हातात वस्तरा आणि खाली माझा गाल. दोघांनीही श्वास रोखून धरला होता. गाल पुसताना म्हणाली, "नऊ दिवस राहिलेत प्रदर्शनाला. मी देव पाण्यात घालून बसलेय. त्यानंतर एक दिवसही ऐकणार नाही."

डोकं आता चहाने उतरत नाही. हे तिला सांगितलेलं नाही. इथे लिहितो म्हणजे कुठेतरी सांगितल्यासारखं होईल.

१७ मे

प्रदर्शन झालं. जसं घडलं तसं लिहायचा प्रयत्न करतो.

कचेरीच्या तळमजल्यावरचं लांब सभागृह. दारातून आत गेलो, पलीकडच्या टोकाला दाराकडे तोंड करून बसलेले सगळे उठून उभे राहिले, टाळ्या. मी भिंत बघत चाललो. आधी दोन पायांवरचा टोपीवाला लागला, मग मधला, गोल, मग हल्लीचा. शेवटी फक्त एक नाक आणि दोन पंजे, चौकटीच्या उजव्या कडेला चिकटलेले. ते बघून वाटलं, आणखी एक पाऊल आणि हा चौकटीबाहेर. पण ते मनातच ठेवलं. मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. पहिली वीस वर्षं गायब! कारकुनाचं कुटुंब नाही. फासळ्यांचा लोळ्या नाही. ते पहिलं चित्र मी स्वतः पेटीतून काढून, कापडात गुंडाळून, हाताने आणून दिलं होतं.

माझं भाषण होतं. ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "चाळीस वर्षं म्हणता आणि अर्धीच लावता? माझा पहिला लोळ्या कुठे आहे? कुणी फेकला?"

संपादक हसल्यासारखं करून म्हणाले, "काका, तो इथेच आहे."

"इथे कुठे?"

"इथे. शेजारीच. या भिंतीवर."

मी बघितलं. तिथे काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे कोरी भिंत होती असंही नाही. बघायला जागाच नव्हती. कुणीतरी फिदकन हसलं. त्याला वाटलं हाही विनोदच. मग रंगवाल्या बाई मागच्या रांगेतून उठल्या, त्यांच्यामागून ताई. ताईने भर सभेत माझे दोन्ही खांदे धरले, लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना धरायची तसे, आणि मला गर्रकन फिरवलं.

आणि भिंत भरलेली! कारकून, बायको, सासू. मध्यभागी फासळ्यांचा लोळ्या, उभं शेपूट घेऊन. मला इतका आनंद झाला की विचारता सोय नाही. म्हणालो, "हा काय! आता लावलात होय!"

मग बाकीची चित्रं दाखवायला हात केला, तर ती कुणीतरी उतरवली होती. सगळीच्या सगळी. टोपीवाला, गोल, हल्लीचा, कुणीच नाही.

"ती कुठे गेली?" मी विचारलं. या वेळी कुणीही हसलं नाही. ताईचे हात माझ्या खांद्यांवर होते आणि ते कापत होते. मला वाटायचं म्हातारपणात कापतील ते माझे हात.

१९ मे

शब्द दिला होता, गेलो. डॉक्टर तरुण आहेत, लोळ्यावर वाढलेले. पुढ्यात कागद सरकवून म्हणाले, "काका, माझ्यासाठी एक लोळ्या काढा."

डोळे मिटूनही काढीन म्हटलं. काढला. त्यांनी बघितला, मग कागद उलटा करून माझ्यासमोर ठेवला. उलटा कुत्रा मला काय समजणार? पण एवढं दिसलं की तो मध्येच कापल्यासारखा संपतोय.

रंगवाल्या बाईंनी माझी मूळ चित्रं जपून ठेवली होती, ठिगळ लावण्याआधीची. डॉक्टरांनी ती टेबलावर ओळीने मांडली. हे दुसरं प्रदर्शन. मागच्या ऑक्टोबरातल्या एकावर बोट ठेवलं. शेपटाचं टोक नव्हतं. मग अर्धं शेपूट. मग बुडखा. "इथपासून सुरू झालं," म्हणाले. मग मशीनमध्ये घालून माझ्या डोक्याची छायाचित्रं काढली. उजव्या बाजूला एक गाठ आहे, लिंबाएवढी. तिच्यामुळे मी जगाची डावी बाजू विसरतो, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, "विसरत असतो तर मला आठवलं नसतं का, की काहीतरी विसरतोय?"

ते हसले नाहीत. "तेच तर, काका. आठवण करून देणारा भागच दबलाय."

ताईने विचारलं, "ऑक्टोबरात आलो असतो तर?" डॉक्टर चित्रं गोळा करत राहिले. रंगवाल्या बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला दोघींचाही राग आला नाही. जिला दिसत होतं तिने सांगितलं नाही, जी सांगत होती तिला मी दाखवलं नाही. जे झालं ते माझ्या मानामुळे झालं. गाठ काढावीच लागणार. निघेल की नाही, निघाली तर मागे काय उरेल, यावर ते "बघू" म्हणाले. चाळीस वर्षं पडलेलं तोंड काढलंय, "बघू"चा चेहरा मला कळतो.

२१ मे

संपादक येऊन गेले. फळं आणली. लोळ्या तूर्त नवे हात काढतील. शेपटाशिवायचाच. वाचकांना तोच हवाय. मी म्हटलं, एकच करा, रंग त्या बाईंनाच भरू द्या. त्यांनी मान्य केलं. बाई काय करतील ते मला ठाऊक आहे, पण संपादकांना बोललो नाही.

२३ मे

आज सकाळी नेणार आहेत. डोकं भादरून झालं. उपाशीपोटी हवा खात पडलोय.

पांघरुणात कुणाचातरी हात आहे. पहाटे लागला, गार होता. नर्सला म्हटलं, हा उचलून न्या. ती म्हणाली, "आजोबा, तुमचाच आहे." असेल. आता तो गार नाही. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा उबदार झालाय.

ताई अजून आली नाही. मला वाटलं होतं, उजाडायच्या आत येऊन बसेल. डोळ्यांमुळे वाट चुकली असेल. मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मान वळवून बघितलं, पुरती वळवली. उजवीकडच्या खाटेवर डोक्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा आहे, बाकी कुणी नाही. त्याच्याकडे कुणी बाई आलीय. ती मला दिसत नाही, पण आवाज तिकडूनच येतो आणि अगदी ताईसारखा आहे. "पांघरूण नीट घे." "घाबरू नकोस, मी आहे." त्या म्हाताऱ्यालाही घरी धाकट्याच म्हणतात. चालायचंच, जगात धाकटे काय कमी आहेत? मघाशी नर्स म्हणाली, "आजी पहाटेपासून बसून आहेत, पाणीसुद्धा घेतलं नाही." नशीबवान आहे म्हातारा.

ताई आल्यावर तिला द्यायला या पानावर लोळ्या काढलाय. जाड पेनाने, मोठा, तिला दिसावा म्हणून. वर्षभर दाखवलं नाही त्याची भरपाई. फासळ्यांचा, पहिला. नाकापासून शेपटापर्यंत अख्खा काढलाय, एक रेघ सोडलेली नाही. शेपूट तर असं उभं केलंय की बस्स.

डायरी लांब धरून बघत होतो, तेवढ्यात ती शेजारची बाई जवळून म्हणाली, "छान आहे. पण शेपूट राहिलं रे." आणि जी रडायला लागली, ती थांबेचना.

परक्याच्या कुत्र्यासाठी एवढं कोण रडतं? ताई आली की तिला सांगायला हवं.